हॅलोवे पॉइंटचा मुका सूर

आता तिथं काय आहे विचाराल, तर
गाड्या लावायची जागा
आणि एक पाटी: पोहू नये.
उंच लाकडी रोलर कोस्टरचे चार खांब
ओहोटीला दिसतात अजून.
बाकीचे वादळानं नेले असं मालक म्हणायचा,
विम्यानं नेले असं आई.

दर मंगळवारी मी वाचनालयाच्या मागल्या खोलीत बसते.
गावाचा इतिहास बुटांच्या अकरा खोक्यांत मावलाय.
फोटोच्या पाठीवर पेन्सिलनं लिहायचं: कोण, केव्हा.
हा पार्कच्या आधीचा. ऑयस्टरच्या होड्या,
किनाऱ्यावर शिंपल्यांचे घराएवढे ढीग.
तेच चुरून पुढं पार्कच्या पायवाटा केल्या;
अनवाणी धावलं की तळवे सोलवटायचे
आणि आम्ही अनवाणीच धावायचो.

ही मी. सात वर्षांची, पुढचे दोन दात गायब.
हा माझा घोडा. त्याचा डावा कान
व्हर्डन काका दर मे महिन्यात लांबीनं चिकटवायचा
आणि दर जूनमध्ये तो कुणाच्या तरी हातात यायचा.
काका शिवी गिळून म्हणायचा,
ऐकू कमी आलं तर घोडा जास्त पळतो.

हा तलाव.
उपसागरात जेलीफिश फार, म्हणून बांधलेला.
निळ्या फरश्या, तळाशी लाल खेकडा रंगवलेला.
छाती फुटेस्तोवर श्वास धरून
मी त्याच्या डोळ्याला बोट लावून वर यायची.

मग त्रेसष्टचा मे.
कोर्टाचा कागद आला होता: फाटक सगळ्यांना उघडा.
आम्हा पोरांना सांगितलं, तलावाला तडा गेलाय.
मालकानं बाबांचा ट्रक भाड्यानं घेतला.
वाळूच्या चौदा खेपा.
शेवटच्या तीन खेपांना मी पुढच्या सीटवर,
मांडीवर पीचची पिशवी, हनुवटीवरून रस.
खेकड्याचा एक डोळा बराच वेळ वर बघत राहिला.
रात्री जेवताना बाबा म्हणाले, रोख दिले.
मीठ द्या इकडे, म्हणाले.
नंतर आमच्या घरात तलावाचं नाव निघालं नाही.

या वसंतात अर्डेलिया गॅस्किन्स आली,
चाळीस वर्षं नर्सगिरी करून निवृत्त झालेली.
तिची आई आणि माझी आई
एकाच शेडमध्ये खेकडे सोलायच्या,
दोन वेगळ्या टेबलांवर.
फोटो बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं,
तुझा लाडका घोडा कुठला होता?

तिनं चष्मा काढला, पुसला.
घोडे मी आज बघतेय, म्हणाली.
आमची गल्ली कुंपणाच्या मागं.
आमच्याकडे यायचा तो नुसता आवाज.
तुमच्या ऑर्गनचा एक सूर मुका होता, माहितीय?
वाल्ट्झ रंगात आला की मध्येच खड्डा.
आम्ही सगळी पोरं पायऱ्यांवर बसून
तो आला रे आला की तेवढाच सूर ओरडायचो,
मग हसून लोळायचो.
आई आतून दटावायची, झोपा आता, त्यांचं बंद होईल.

अकरा उन्हाळे मी त्या घोड्यावर बसले.
मला कधी खड्डा ऐकू आला नाही.
वाटायचं, गाणं तसंच असतं.
किंवा तिकडून, कुंपणावरून,
तो सूर येतच होता
आणि मी तो फुकट ऐकत होते.

तिनं चाल गुणगुणून दाखवली.
बोटानं टेबलावर ताल.
त्या जागी येऊन थांबली, माझ्याकडे बघितलं.
मला तो सूर येत नव्हता.

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं,
टायरखाली जुने शिंपले करकरत होते.
मी तलावाचा फोटो उलटा केला, लिहायला लागले:
वाळू, चौदा खेपा. ट्रक माझ्या वडिलांचा.

पेन्सिलनं नको, ती म्हणाली,
आणि आपल्या पर्समध्ये पेन शोधू लागली.